राजा दौऱ्यावर आहे

वाकाटकांच्या रुद्रसेन राजाला मरू द्यायचं की नाही, यावरून कॉव्हेंट्रीच्या आमच्या मंडळाची कमिटी एका रविवारी दुपारभर भांडली. राजाला जाऊन सोळाशे वर्षं झाली, त्याची स्वतःची काही तक्रार नव्हती. तक्रार होती आमचा अध्यक्ष जयंत याची. गणपतीचे दिवस, बायका नटूनथटून बसलेल्या, नाटकानंतर हळदीकुंकू, त्यात हे असलं अभद्र कशाला? त्यापेक्षा राजा दौऱ्यावर गेलाय असं दाखवू.

"किती वर्षं दौऱ्यावर?" मी विचारलं.

"राणी राज्य करतेय तोपर्यंत. जस्ट कीप इट व्हेग, नंदाकाकू."

जयंत स्वतः आठवड्यातले चार दिवस कामासाठी बेसिंगस्टोकला असतो आणि त्याचं घर त्याची बायको चालवते. त्यामुळे राजा बाहेरगावी, राणी घरी, यात त्याला काही वावगं वाटत नव्हतं. माझा नवरा शशिकांत मंडळाचा सेक्रेटरी. तो मिनिट्स लिहिता लिहिता पेंगत होता. मी मंडळाची प्रॉम्प्टर. हॉस्पिटलच्या फार्मसीत डॉक्टरांच्या चुका काढण्यात माझा जन्म गेला, रिटायर झाल्यावर ती सवय कुठं जिरवायची, म्हणून कमिटीत आले.

नाटक लिहिलं होतं वरदानं. ती इथलीच, जन्मानं कॉव्हेंट्रीची, शाळेत इतिहास शिकवते. कुठल्या मराठी शब्दाला कुठलं लिंग द्यायचं हे ती त्या त्या वेळी ठरवते, पण बोलायला कधी लाजत नाही, म्हणून ती मला आवडते. जयंतचं ऐकून ती खुर्चीतून उठलीच.

"राजा जिवंत असला तर राणी राज्य कशाला करतो? धिस इज नॉट हिस्टरी, जयंतदादा. धिस इज अ डायरी क्लॅश!"

ही राणी कोण ते सांगते, म्हणजे वरदा का तापली ते कळेल. प्रभावतीगुप्ता. बाप दुसरा चंद्रगुप्त, गुप्तांचा सम्राट, उत्तरेचा धनी. त्याचा डोळा पश्चिमेकडच्या शकांवर, आणि इकडं विदर्भात वाकाटक बसलेले. आपण शकांवर चाल करून गेलो आणि या लोकांनी मागून दगा दिला तर? मग काय, मुलगी दिली. आपल्याकडं स्थळ बघताना पगार बघतात, त्यानं सरहद्द बघितली. नवरा, म्हणजे आपला रुद्रसेन, लवकर गेला. पदरात लहान मुलं. नागपूरजवळ नंदिवर्धन म्हणून राजधानी होती, तिथं या बाईनं मुलांच्या नावानं कितीतरी वर्षं राज्य चालवलं. माहेरचा हात सोडला नाही, सासरचा मान राखला, देवाब्राह्मणांना जमिनी दिल्या, आणि दोन्हीकडच्यांना वाटत राहिलं की ही आपलीच आहे. वरदानं मला तिच्या ताम्रपटाचा अर्थ वाचून दाखवला होता. त्यात स्वतःची ओळख देताना ती आधी बापाचं घराणं सांगते आणि मग नवऱ्याचं. मला तर ही बाई ऐकताक्षणी आवडली. तिचा नवरा दौऱ्यावर पाठवायचा म्हणजे तिनं आयुष्यभर जे कमावलं ते काढून घ्यायचं.

आता हे दौऱ्याचं खूळ निघालं कुठून? राणीचं काम तनिषाला दिलं होतं आणि राजाचं तिच्या नवऱ्याला, क्षितिजला. दोघं नोकरीसाठी पुण्याहून आलेली, देखणी जोडी. क्षितिजची आई साताऱ्याहून राहायला आली होती. त्यानं मोठ्या हौसेनं आईला तालमीचा व्हिडिओ दाखवला. नेमका दुसऱ्या प्रवेशाचा. राजा जातो, राणी कुंकू पुसते, बांगड्या उतरवते. आई उठून खोलीत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी तनिषाचा मला फोन, "काकू, मला नाही जमणार. प्लीज का ते विचारू नका." मग आम्ही आणखी तिघींना विचारलं. एकीची सासू, दुसरीची आई आणि तिसरीचं नुकतंच ठरलेलं लग्न आडवं आलं. तिघी डबल ग्रॅज्युएट. तिघींची स्वतःची काहीच हरकत नव्हती, फक्त घरी आवडणार नाही. विधवा हा शब्द कुणीही तोंडातून काढला नाही. 'तसला रोल' म्हणायचे.

आणि हे सगळं चालू असताना सुप्रभा हॉलच्या मागच्या बाजूला कप विसळत होती.

सुप्रभा माझी जुनी मैत्रीण. दोघी एकाच हिवाळ्यात या गावात आलो, एकाच दुकानात पहिले बूट घेतले. ती हॉस्पिटलात भूल द्यायची. दिवसभर माणसांना झोपवायची आणि संध्याकाळी मंडळाच्या नाटकात त्यांना जागं ठेवायची. पुण्यात मेडिकलला असताना तिनं नाटकांत बक्षिसं घेतली होती, आणि तिचा नवरा शशिधरही तसाच नाटकवेडा. ऑर्थोपेडिक सर्जन, आवाज असा की मागच्या ओळीतल्यांना माईक लागू नये. सहा वर्षांपूर्वी शशिधर गेला. त्यानंतर सुप्रभा स्टेजवर पाय ठेवेना. मंडळात यायची, सगळ्यांच्या आधी यायची, पण चहा, कप, खुर्च्या. आणि दर वर्षी हळदीकुंकवाचं ताट फिरायला लागलं की ती उठायची. "ओव्हनमध्ये काहीतरी ठेवलंय, बघून येते." ताट फिरून संपलं की परत.

आमच्या त्या हॉलच्या किचनमध्ये ओव्हन नाही. चहाचं पाणी उकळायचा मोठा अर्न आहे आणि एक कुरकुरणारा मायक्रोवेव्ह. हे मला माहीत होतं, आणि दर वर्षी तिला उठताना बघून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कुणावर चिडायचं तेच कळायचं नाही. तिला जा असं कुणीच म्हणत नव्हतं. बस असंही म्हणत नव्हतं.

"सुप्रभाला विचारा ना," मी त्या मीटिंगमध्ये म्हणाले. "या गावात तिच्यासारखं काम करणारं दुसरं कोण आहे?"

जयंतनं एकदम आवाज खाली आणला. "काकू, प्लीज. त्यांना किती हर्ट होईल. त्यांच्याच बाबतीत झालंय ते, आणि आपण तेच करायला सांगायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. वरदानंसुद्धा. इतकी समजूतदार माणसं एका खोलीत पाहिली की मला घुसमटायला होतं. शेवटी ठरलं की जयंतनं दौऱ्याचं एक पान लिहून आणायचं आणि पुढच्या रविवारी बघायचं.

म्हणजे माझ्या हातात एक आठवडा होता.

सुप्रभाकडं कौन्सिलच्या अलॉटमेंटचा, म्हणजे भाजी लावायला भाड्यानं मिळणाऱ्या जमिनीचा, एक तुकडा आहे. तिथं ती मेथी लावते, फरसबी लावते, आणि काचेच्या छोट्या खोपटात अळूची अशी काय बडदास्त ठेवते की बघत राहावं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथं जाऊन थडकले. ती वाकून मेथी खुडत होती.

"सुप्रभा, राणीचं काम करशील?"

तिनं वर बघितलं नाही. "कमिटीनं विचारलंय?"

"कमिटी म्हणते तुला वाईट वाटेल."

"हो का?" ती सावकाश उभी राहिली, हातात मेथीची जुडी. "आणि मला वाटत होतं, त्यांनाच मी नको असेन. सणाच्या दिवशी, स्टेजवर मधोमध."

"म्हणजे तू त्यांच्यासाठी गप्प आणि ते तुझ्यासाठी गप्प?"

"सगळे फार चांगले आहेत गं," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "नंदे, मला ते काम करायचंय. वरदानं पहिल्यांदा वाचून दाखवलं ना, त्या दिवसापासून करायचंय. शशिधर गेल्यापासून माझ्याकडं कुणी काही मागतच नाही. नुसतं विचारतात, हाऊ आर यू, बरी आहेस ना, जेवतेस ना. अगं, बरी आहे मी! मला काम द्या!"

मी तिला मिठी मारली. माझ्या चांगल्या कोटाला चिखल लागला तो अजून आहे.

डोळे पुसल्यावर मात्र ती लगेच धंद्याचं बोलली. "माझ्या दोन अटी. एक, ऑडिशन घ्यायची. दया म्हणून मिळालेलं काम मला नको. आणि दुसरं, तनिषा नाटकात राहिली पाहिजे. तिनं घरी बसून रडायचं आणि तिच्या जागेवर मी, असं मी करणार नाही."

"तिची सासू करू देत नाही. त्या बाईला मी आज चांगली फैलावर घेणार आहे."

"तू फैलावर वगैरे कुणाला घेणार नाहीस. तू फक्त गाडी चालवणार आहेस," सुप्रभा म्हणाली, आणि खोपटात जाऊन अळूची मोठी मोठी पानं कापायला लागली.

क्षितिजच्या घरी पोचेपर्यंत मी मनातल्या मनात भाषण तयार केलं होतं. एकविसावं शतक, सुशिक्षित मुलगी, वगैरे वगैरे. दार तनिषाच्या सासूबाईंनीच उघडलं. तनिषा आणि क्षितिज कामावर गेलेले. सडसडीत बांधा, ताठ मान, स्वच्छ सुती साडी. भांडणाच्या तयारीत मी इतकी होते की त्यांच्या कपाळाकडं माझं लक्षच गेलं नाही.

सुप्रभानं पानांची गुंडाळी त्यांच्या हातात दिली.

"अळू? इथं?" त्यांनी एक पान उलटंपालटं केलं, देठ निरखला. "काळ्या देठाचं आहे. खाजायचं नाही. या, आत या."

पुढची पंधरा-वीस मिनिटं माझ्या भाषणाला वावच मिळाला नाही. दोघी ओट्याशी उभ्या. एकीनं बेसन भिजवलं, दुसरीनं चिंच कोळली. पानाच्या शिरा लाटण्यानं मोडायच्या की सुरीनं काढायच्या यावर त्यांचा थोडा मतभेद झाला आणि सुप्रभानं माघार घेतली. मी तिला कधी कुणापुढं माघार घेताना पाहिलं नव्हतं. उंडे उकडायला ठेवल्यावर सासूबाई स्वतःच बोलल्या.

"तुम्ही कशाला आलाय ते कळतंय मला. मी काही जुनाट नाही हो. सूनबाई अर्धी चड्डी घालून पळायला जाते, मी कधी चकार शब्द काढला नाही. पण त्या फोनवर माझा लेक गेला. माझ्या डोळ्यांदेखत गेला. आणि माझ्या सुनेनं कुंकू पुसलं. आमच्याकडं हे होऊन आत्ता कुठं वर्ष झालंय. परत कसं बघू मी ते?"

तेव्हा मी त्यांच्या कपाळाकडं बघितलं. क्षितिजचे वडील गेल्याचं मला माहीत होतं. मी त्याला फोन केला होता, डबा दिला होता. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात एकत्र आल्याच नव्हत्या. मी भाषण सोडलं आणि ओट्यावर सांडलेलं बेसन पुसायला घेतलं.

"नका बघू," सुप्रभा म्हणाली. "मलाही बघवलं नसतं. आमचे गेले त्याला सहा वर्षं झाली, तरी नसतं बघवलं."

भांड्याखालचा गॅस तिनं जरा बारीक केला.

"असं करू या का? तनिषा लग्नाच्या प्रवेशापर्यंत. भरल्या कपाळानं, हसत आत जाईल ती. कुंकू पुसायचा प्रवेशच काढून टाकू, लोकांना न दाखवता कळतं. पुढची राणी मी. आणि क्षितिज शेवटी परत येईल. राणीचा मुलगा मोठा होऊन गादीवर बसतो ना, तो मुलगा म्हणून."

"म्हणजे माझा लेक परत येणार?"

"येणार."

"मुकुट घालून?"

"मुकुट घालून."

सासूबाईंनी झाकण उचलून एक उंडा दाबून बघितला. मग सरळच विचारलं, "पण तुम्ही कोण हो आमच्या? एवढं मनावर घेताय ते?"

"तनिषाचं माहेर पुण्यात," सुप्रभा म्हणाली. "इथं तिला कोण आहे? मी आहे. म्हणजे तुम्ही माझ्या विहीणबाई झालात."

गुप्तांनी वाकाटकांशी सोयरीक केली ती याहून फार वेगळी नसणार. आणि सासूबाई पहिल्यांदा हसल्या, तोंडाला पदर लावून, खांदे हलवत.

"मग विहिणीचा मान?"

"मागा."

"नाटकातल्या बायकांना साड्या मी नेसवणार. त्या व्हिडिओत निऱ्या बघवत नव्हत्या."

तह झाला. तळलेल्या वड्या आम्ही तिघींनी उभ्या उभ्याच संपवल्या, क्षितिज-तनिषासाठी चारच उरल्या.

त्याच आठवड्यात वरदा सासूबाईंना अजिंठ्याच्या चित्रांचं पुस्तक दाखवायला गेली. वाकाटकांच्याच काळातली चित्रं, राण्यांचा पेहराव कसा असावा ते कळावं म्हणून. सासूबाईंनी चष्मा लावून पानं उलटली. "एवढंच नेसायच्या?"

"हो आजी, तो फॅशन तसा होता."

"असेल. पण तिथं उकाडा होता. इथं सप्टेंबरात एवढ्यावर उभं केलं तर राणी न्यूमोनियानं जाईल." आणि त्यांनी सगळ्यांना नऊवारी नेसवायचं ठरवून टाकलं. वरदानं माझ्याकडं मदतीसाठी बघितलं. तहाची कलमं मोडता येत नाहीत, मी म्हणाले.

पुढच्या रविवारी जयंत दौऱ्याचं पान लिहून घेऊन आला. त्यात राजा घोडेस्वारांबरोबर निरोप पाठवत होता की अजून थोडं काम बाकी आहे, वाट बघू नये. तो वाचायला लागणार, इतक्यात सुप्रभा कप ठेवून पुढं आली.

"जयंत, आधी माझी ऑडिशन घे."

तो गोंधळला. "काकू, म्हणजे, यू डोन्ट हॅव टू..."

"आय वॉन्ट टू," ती म्हणाली आणि एकावर एक रचलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांपुढं जाऊन उभी राहिली. कार्डिगन, पायात अलॉटमेंटचे बूट. वरदानं मंत्र्याचं वाक्य वाचलं, की महाराज नाहीत, मुलं लहान, बाईंनी आता कारभार थोरांच्या हाती सोपवावा. सुप्रभा त्या खुर्च्यांकडं वळली, जणू तिथं दरबार बसलाय.

"तुम्हाला वाटतं, महाराज गेले आणि मी एकटी उरले. उत्तरेकडं बघा, तिथं माझे वडील आहेत. पाळण्यात बघा, तिथं तुमचा राजा आहे. आणि आता मध्ये बघा. मध्ये मी आहे."

तिनं आवाज जरासुद्धा चढवला नव्हता. शशिकांतला जाग आली. जयंतनं आपलं पान घडी करून खिशात घातलं आणि नाक शिंकरलं.

"सॉरी सुप्रभाकाकू. आम्हाला वाटलं, तुम्हाला त्रास होईल..."

"वाटू दे रे. पुढच्या वेळी विचार."

त्या दिवशीची मिनिट्स शशिकांतनं अगदी नेटकी लिहिली. राजा रुद्रसेन यांच्या निधनास एकमतानं मंजुरी. सूचक वरदा, अनुमोदक नंदा.

नाटकाच्या दिवशी हॉल खचाखच भरला. लंडनच्या ईलिंगहूनसुद्धा माणसं आली होती. सम्राट चंद्रगुप्त होता जयंत. सुप्रभा आल्यापासून बाप मुलीपेक्षा वीस-बावीस वर्षांनी लहान झाला होता, त्यावर उपाय म्हणून वरदानं त्याला पांढरी दाढी लावली होती. लग्नाचा प्रवेश झोकात झाला. तनिषा हिरव्या नऊवारीत अशी दिसत होती की विंगेत सासूबाईंनी कानशिलांवर बोटं मोडली. ती हसत आत गेली, भरल्या कपाळानं, ठरल्याप्रमाणं. दिवे मंद झाले, परत उजळले, आणि सिंहासनाशी सुप्रभा उभी होती. मोतिया रंगाचं लुगडं, आणि कुंकू पुसायला लागू नये म्हणून आधीपासूनच मोकळं कपाळ. हॉलमध्ये चुळबुळ झाली. पहिल्या रांगेतल्या एक-दोघींनी एकमेकींकडं बघितलेलं मी विंगेतून पाहिलं.

मग दूत आला. दूत म्हणजे शशिकांत. त्याला एकच वाक्य होतं, 'राणीसाहेब, महाराज आपल्याला सोडून गेले.' पण जयंतनं दौऱ्याचं वाक्यही त्याला आधीच धाडलं होतं आणि त्यानं दोन्ही पाठ केली होती. तो धापा टाकत स्टेजवर आला, मुजरा केला, आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "राणीसाहेब, महाराज दौऱ्यावर गेले!"

माझ्या हातातून स्क्रिप्ट पडलं. सम्राट चंद्रगुप्तानं विंगेत कपाळावर हात मारला आणि त्याची दाढी निघून आली. स्टेजवर शशिकांतच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी ओरडून वाक्य सांगत होते, पण त्याला ऐकू येत नव्हतं.

सुप्रभा त्याच्याकडं बघत होती. मग तिनं अगदी हळू विचारलं, "परत कधी येणार?"

शशिकांतचा चेहरा बदलला. सुप्रभाचा शशिधर त्याचा जिवलग होता. तीस वर्षं दर शनिवारी दोघांनी एकत्र चहा घेतला होता. तो दूत राहिलाच नाही. "नाही येणार," तो म्हणाला, आपल्या रोजच्या आवाजात. "आता नाही येणार."

"बरं," सुप्रभा म्हणाली. एक खोल श्वास घेतला, वळली, आणि सिंहासनावर बसली. "मंत्र्यांना बोलवा. खूप कामं पडलीत."

मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. आणि त्यानंतर ती अशी खेळली की काय सांगू. मंत्र्यांना टोमणे, माहेरच्या वकिलाला गोड बोलून गप्प करणं, रुसलेल्या सरदाराला गाव इनाम देताना त्याच्याच तोंडून हो वदवून घेणं. लोक हसत होते, डोळे पुसत होते, परत हसत होते. शेवटी क्षितिज मुकुट घालून आला आणि आईच्या पाया पडला. विंगेत त्याची खरी आई माझा दंड घट्ट धरून उभी होती. "आला," ती म्हणाली. "बघा, आला."

आरती झाली, प्रसाद झाला, खुर्च्या गोल मांडल्या आणि हळदीकुंकू सुरू झालं. तनिषा ताट घेऊन पलीकडच्या टोकापासून निघाली. सुप्रभा अजून राणीच्याच वेषात, सासूबाई तिच्या शेजारी. माझी नजर सुप्रभावरून हलेना. ताट जसजसं जवळ यायला लागलं तसतशी तिची नजर किचनच्या दाराकडं गेली, सहा वर्षांच्या सवयीनं. पण ती उठली नाही.

उठल्या त्या सासूबाई. पदर सावरत हळूच म्हणाल्या, "मी जरा चहाचं बघते."

"चहाचं शशिकांत बघतोय. बसा, विहीणबाई."

"अहो, पण..."

"सहा वर्षं मी या हॉलमध्ये ओव्हन बघायला जातेय," सुप्रभा म्हणाली. आवाज तोच, राणीचा, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचणारा. "या हॉलमध्ये ओव्हनच नाही. बसा."

मग पहिलं हसू मला फुटलं, दाबता दाबेना. मग वरदा हसली, मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि त्यातल्या काहींच्या माना खाली गेल्या. सासूबाई बसल्या.

तनिषा समोर येऊन थांबली. काय करावं ते तिला कळेना. सुप्रभानं तिच्या हातातलं ताट घेऊन मांडीवर ठेवलं आणि सासूबाईंना विचारलं, "लावू? नको असेल तर नको म्हणा. पण उठून जाऊ नका."

सासूबाईंनी डोळे मिटले आणि कपाळ पुढं केलं. सुप्रभानं हळद लावली, कुंकू लावलं, अगदी मधोमध, न थरथरता. त्या हातानं आयुष्यभर घाबरलेल्या माणसांना धीर दिला होता. मग सासूबाईंनी ताट आपल्याकडं ओढलं. त्यांचा हात मात्र कापत होता. सुप्रभाचं कुंकू तिरकं लागलं आणि भुवईपर्यंत ओघळलं.

फोटोसाठी सगळ्या उभ्या राहिल्या तेव्हा मी टिश्यू घेऊन नीट करायला पुढं झाले.

"हात लावू नकोस," सुप्रभा म्हणाली. "माझ्या विहीणबाईंनी लावलंय."